पुलापाशी किती?

७ ऑगस्ट २०१९, बुधवार. पुण्यात संध्याकाळचे साडेसहा वाजत आले होते. अमेरिकेबरोबरचा रोजचा कॉल सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून सांगलीला फोन लावत होते. दुपारपासून लागत नव्हता. तेवढ्यात लागला.

"बाहेरच्या पायऱ्या सगळ्या गेल्या," बाबा म्हणाले. "आता आतल्या जिन्याची दुसरी चाललीय."

"पुलापाशी किती?"

"पन्नासच्या वर म्हणतायत. चढतंय अजून. तू काळजी करू नको, आम्ही माडीवर आहोत. स्टो वर आणलाय, तांदूळ आणलेत. बॅटरी संपेल, ठेवतो."

पूल म्हणजे आयर्विन पूल. कृष्णेचं पाणी सांगलीकर त्या पुलापाशी मोजतात, फुटांत. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. गावभागात वाढलेल्या पोराला पाढ्यांच्या आधी हे दोन आकडे पाठ असतात. पावसाळ्यात कोणीही कोणालाही भेटलं की पहिला प्रश्न हाच. "कसे आहात" नंतर, आधी "पुलापाशी किती".

मी जागेवर येऊन हेडफोन लावले. पलीकडे आमची अटलांटाची मॅनेजर होती. पैसे भरण्याच्या सिस्टिमचं नवं व्हर्जन दोन दिवसांपूर्वी गेलं होतं, ते बिघडलं होतं, आणि तक्रारी येत होत्या. ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "सॉरी गाइज, वी आर कम्प्लीटली अंडरवॉटर हिअर."

मग तिनं माझ्याकडून कामाचं विचारलं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, दिवसभर माझ्या हातून काहीच झालं नव्हतं. मी म्हटलं, माझ्या आईवडिलांचं घर अंडरवॉटर आहे.

कॉलवर दोन-तीन सेकंद काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "लिटरली?"

तिच्या आवाजात काळजी होती, हे मी आधीच सांगून टाकते. तिनं मला लगेच कॉलवरून मोकळं केलं, माझं काम दुसऱ्यांकडे दिलं, पुढे आठवडाभर रोज सकाळी दोन ओळी लिहून चौकशी केली. इतकी माणुसकी दाखवणारे वरिष्ठ मला फार भेटले नाहीत. पण तो एक शब्द माझ्या डोक्यातून आजही गेलेला नाही.

मराठीत तिनं विचारलं असतं, "खरंच?" म्हणजे, तू सांगतेस ते घडलंय का? "लिटरली?" हा प्रश्न वेगळा आहे. तो विचारतो, तू जो शब्द वापरलास त्या शब्दाचा अर्थ तोच आहे का? 'घर पाण्याखाली गेलं' या वाक्याचा अर्थ घर पाण्याखाली गेलं, असा घ्यायचा का? तिच्या इंग्रजीत 'अंडरवॉटर' म्हणजे काम फार झालेला माणूस, किंवा ज्या घराची किंमत त्यावरच्या कर्जापेक्षा खाली आली ते घर. खरं पाणी त्या शब्दातून कधीच ओसरून गेलं होतं. मला ते परत आत घालायचं होतं, आणि त्यासाठी आणखी एक शब्द लागला. तोही झिजलेलाच. 'आय वॉज लिटरली डेड' असं इंग्रजी बोलणारे हसत हसत म्हणतात, आणि 'लिटरली'चा हा उलटा वापर आता मोठमोठ्या इंग्रजी कोशांनीही नोंदवून घेतलाय.

त्या दिवसापासून मी ऑफिसातलं इंग्रजी वेगळ्या कानांनी ऐकायला लागले. आमचं काम सपोर्टचं. काही बंद पडलं की रात्री-अपरात्री उठून ते सुरू करायचं, आणि मग का बंद पडलं याचा रिपोर्ट लिहायचा. या कामाची सगळी भाषा संकटांतून उचललेली आहे. तक्रारी वाढल्या की 'फ्लड'. त्याहून वाढल्या की 'अ‍ॅव्हलांच', म्हणजे हिमकडा कोसळणं. दिवसभर नुसती धावपळ झाली तर 'फायरफायटिंग'. सगळे एका कॉलवर बसले की 'वॉर रूम'. किती ग्राहकांना फटका बसला त्याचा हिशेब म्हणजे 'ब्लास्ट रेडियस', बॉम्बच्या स्फोटाची त्रिज्या. सगळं सुरू झाल्यावर 'पोस्टमॉर्टेम'. आणि वर्षातून दोनदा आम्ही जो सराव करतो, एका ठिकाणची यंत्रणा बंद करून दुसऱ्या ठिकाणाहून चालवून बघायचा, त्याचं नाव 'डिझास्टर रिकव्हरी ड्रिल'. त्याला आम्ही सगळे 'डीआर' म्हणतो. डीआर झालं का, डीआरला पिझ्झा कोण मागवणार, असं.

'डिझास्टर' हा शब्द मुळात ताऱ्यांचा. इटालियनमधून इंग्रजीत आला. 'अ‍ॅस्ट्रो' म्हणजे तारा, आणि त्याच्या आधीचं 'डिस' म्हणजे वाईट, उलटा. ज्याचा तारा फिरला त्याच्यावर डिझास्टर आला. आपण 'ग्रह फिरले' म्हणतो किंवा 'साडेसाती लागली' म्हणतो, तेच. सोळाव्या शतकातल्या माणसाला तो शब्द उच्चारताना आकाशाकडे बघावंसं वाटत असेल. आता सहलीला पाऊस पडला तरी 'टोटल डिझास्टर'.

पण या शब्दांबद्दल मला जे कळलं ते एका माणसामुळे कळलं. कोशांत ते सापडलं नसतं.

आमच्या नेटवर्क टीममध्ये अमेरिकेच्या बाजूला एक वयस्क गृहस्थ होते, आता निवृत्त झाले. फार कमी बोलायचे. पूर ओसरल्यावर मी कामावर परतले तेव्हा त्यांनी मला वेगळा फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, "हाऊ हाय?" पाणी किती उंच आलं? लिटरली वगैरे काही नाही. मी सांगितलं, जिन्याची अकरावी पायरी. ते म्हणाले, "आमच्याकडे खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत."

ते न्यू ऑर्लिन्सचे. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना वादळ आलं, शहराचे बांध फुटले आणि शहराचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. लोक दिवसच्या दिवस छपरांवर बसून होते. त्यांच्या आईचं घर त्यातच होतं. शोधपथकं घरोघरी फिरून दारावर रंगाच्या फवाऱ्यानं मोठी फुली मारत, ते त्यांनी मला समजावून सांगितलं. फुलीच्या चार कोनांत चार गोष्टी: कोणतं पथक आलं, कधी आलं, आत काय धोका आहे, आणि खालच्या कोनात आत सापडलेल्या माणसांची संख्या. त्यांच्या आईच्या दारावर खालच्या कोनात शून्य होतं. आई आधीच बाहेर पडली होती. घर दुरुस्त केलं, रंगवलं, पण ती फुली तिनं बरीच वर्षं पुसू दिली नाही.

तासभर बोललो आम्ही. त्या तासाभरात त्यांनी एकदाही 'डिझास्टर' म्हटलं नाही, 'कॅटस्ट्रॉफी' म्हटलं नाही, 'कॅटरिना'सुद्धा एखाद्या वेळीच. ते म्हणत होते, 'द स्टॉर्म'. स्टॉर्मच्या आधी, स्टॉर्मनंतर. आणि 'द वॉटर'. पाणी आलं तेव्हा, पाणी गेलं तेव्हा. न्यू ऑर्लिन्समध्ये सगळे असंच बोलतात म्हणाले.

मी फोन ठेवला आणि मला आठवलं की आमच्या घरातही 'महापूर' हा शब्द कोणी वापरत नाही. तो पेपरात असतो, सरकारी पत्रकात असतो. आई म्हणते, "पाणी आलं होतं." बाबा म्हणतात, "एकोणीसचं पाणी." त्याच्या आधी "पाचचं पाणी" होतं. माझ्या सासूबाई पुण्याच्या, नारायण पेठेतल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या शाळकरी होत्या. त्या आजही म्हणतात, "पानशेतच्या आधी आपल्याकडे शिसवी कपाट होतं." धरण, फुटलं, पूर, काही नाही. नुसतं गावाचं नाव. मुंबईकर 'सव्वीस जुलै' म्हणतो आणि थांबतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, माणसं गाड्यांमध्ये गुदमरून गेली, ते सगळं एका तारखेत आलं.

मग मी हे शोधतच सुटले, आणि जिथे बघेन तिथे तेच. उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं बॉम्बनं आणि गोळ्यांनी मेली. तिथल्या लोकांनी त्याला नाव दिलं 'द ट्रबल्स'. त्रास. शेजारच्या घरातल्या मोठ्या आवाजाला जो शब्द वापरावा तो. त्याच बेटावर १८४५ पासून बटाट्याचं पीक सडलं, दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीनं आणि रोगांनी गेली. आयरिश भाषेत त्या काळाचं एक नाव 'अन ड्रोखील' असं काहीसं उच्चारतात. अर्थ, वाईट दिवस. हिरोशिमात ज्यांनी ६ ऑगस्ट १९४५ ची सकाळ पाहिली ते त्याला म्हणायचे 'पिकादोन'. 'पिका' म्हणजे लख्ख उजेड, 'दोन' म्हणजे धडाम. लहान मुलानं ठेवलेलं नाव वाटावं असं.

आणि 'त्सुनामी'. २६ डिसेंबर २००४ पर्यंत आपल्यातल्या बहुतेकांनी हा शब्द ऐकलाही नव्हता. त्या एका सकाळी हिंदी महासागराच्या काठांवर दोन लाखांहून जास्त माणसं गेली, नागपट्टणमच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या वस्त्याच्या वस्त्या गेल्या. जपानीत 'त्सु' म्हणजे बंदर आणि 'नामी' म्हणजे लाट. बंदरातली लाट, एवढंच. खोल समुद्रात ती लाट होडीखालून जाते तरी कळत नाही, कोळी संध्याकाळी परत येतात तेव्हा बंदर नसतं, असं त्या नावाचं कारण सांगतात. ज्यांचं गाव वारंवार वाहून गेलं त्यांनी इतका साधा शब्द केला. इंग्रजीनं तो उचलला आणि आता माझ्या इनबॉक्समध्ये 'त्सुनामी ऑफ डेटा' येते, निवडणुकीत मतांची त्सुनामी येते. मराठी पेपरांतही येते. तिकडे जपानच्या इवाते प्रांतात, आनेयोशी नावाच्या वस्तीच्या वरच्या अंगाला एक दगड उभा आहे. १९३३ च्या लाटेनंतर उभारलेला. त्यावर कोरलंय की या जागेच्या खाली घर बांधू नका. २०११ ची लाट त्या दगडाच्या खालीच थांबली.

ज्याच्या घरात पाणी शिरलं, तो सगळ्यात लहान शब्द वापरतो. मोठा शब्द त्याला नको असतो, कारण ऐकणाऱ्याला पटवायचं त्याला काहीच नसतं, आणि स्वतःला तर तो शब्द पूर्ण उच्चारवतही नसावा. मोठे शब्द मग मोकळे राहतात. आणि लांबून बघणारे ते उचलून नेतात, आपल्या ऑफिसात, आपल्या क्रिकेटात, आपल्या लग्नघरात.

किती लांबून, याचं एक उदाहरण मला इथे सविस्तर सांगितलंच पाहिजे, कारण तो शब्दप्रयोग मी स्वतः निदान दहा वर्षं वापरलाय. 'ड्रिंकिंग द कूल-एड'. आमच्याकडे कंपनीच्या एखाद्या नव्या धोरणावर कोणी फारच भाळलं की म्हणायचे, त्यानं कूल-एड प्यायलंय. म्हणजे डोळे झाकून विश्वास ठेवला. कूल-एड म्हणजे आपल्याकडच्या रसनासारखी, पाण्यात कालवायची रंगीत गोड पूड. मला वाटायचं, जाहिरातीतून आलं असेल.

१८ नोव्हेंबर १९७८. दक्षिण अमेरिकेत गयाना देशाच्या जंगलात जोन्सटाऊन नावाची वसाहत होती. अमेरिकेतला जिम जोन्स नावाचा एक धर्मोपदेशक आपल्या अनुयायांना तिथे घेऊन गेला होता. त्यांत बहुसंख्य काळे अमेरिकन होते. वंशभेद नसलेलं गाव वसवायचं, या आशेनं घरंदारं विकून आलेली कुटुंबंच्या कुटुंबं. तिथे माणसांना डांबून ठेवतात अशा तक्रारी आल्या म्हणून लिओ रायन हे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य बघायला गेले. परतताना जवळच्या धावपट्टीवर त्यांना गोळ्या घातल्या. त्याच संध्याकाळी वसाहतीत पिंपात सायनाइड कालवलं गेलं. नऊशेहून जास्त माणसं मेली, आणि त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश मुलं होती. आधी मुलांना दिलं. तान्ह्यांच्या तोंडात पिचकारीनं सोडलं. भोवती बंदुकधारी उभे होते. काहींना सुई टोचली. यात 'डोळे झाकून विश्वास' कुठे आहे? सहा महिन्यांच्या बाळानं कशावर विश्वास ठेवला होता? आणि पिंपात जे होतं ते बहुतेक कूल-एडसुद्धा नव्हतं, फ्लेव्हर एड नावाची त्याहून स्वस्त पूड होती. म्हणजे या वाक्प्रचारात खरं म्हणावं असं काही उरलंच नाही. तिथून वाचलेले आणि ज्यांची माणसं तिथे गेली ते, इतकी वर्षं सांगताहेत की हे म्हणू नका. मला कळलं त्या दिवसापासून मी एकदाही म्हटलेलं नाही. आमच्या टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलांनी म्हटलं तर मी बाजूला घेऊन त्यांना ही गोष्ट सांगते. आतापर्यंत कोणी हसण्यावारी नेलेलं नाही.

सगळेच शब्द असे नाहीत. एक शब्द मला कळल्यावर जास्त आवडायला लागला. नवं व्हर्जन आम्ही सगळ्या ग्राहकांना एकदम देत नाही. आधी शंभरातल्या दोघा-चौघांना देतो, काही बिघडतंय का बघतो. याला 'कॅनरी' म्हणतात. कॅनरी हा पिवळा, गाणारा, लहानसा पक्षी. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत कार्बन मोनॉक्साइड साठायचा. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस बसल्या जागी झोपून जायचा. जॉन स्कॉट हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञानं सुचवलं की सोबत लहान प्राणी न्या, त्याला विष आधी चढेल. मग खाणकामगार पिंजऱ्यात कॅनरी घेऊन उतरायला लागले, आणि १९८६ मध्ये यंत्रं येईपर्यंत ही पद्धत तिथे चालू होती. एवढं बरेचजण सांगतात. पण त्यातल्या काही पिंजऱ्यांच्या डोक्यावर ऑक्सिजनची एक छोटी नळकांडी बसवलेली असायची. पक्षी कलंडला की पिंजऱ्याचं गोल दार बंद करायचं, नळकांडीची चावी फिरवायची आणि त्याला शुद्धीवर आणायचं. विषारी हवेत उभं राहून, आधी पाखराचं दार लावायचं. कामगार शीळ घालून त्यांच्याशी बोलायचे. आमच्या स्क्रीनवर 'कॅनरी फेल्ड' असं लाल अक्षरांत येतं तेव्हा मला तो पिंजरा दिसतो आणि मी त्या दोन-चार टक्के लोकांना आधी फोन करायला लावते.

मराठीत असं होत नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. आपण 'पानिपत झालं' म्हणतो. पक्षाच्या चार जागा गेल्या तरी पानिपत, संघ शंभराच्या आत गुंडाळला तरी पानिपत. १४ जानेवारी १७६१ ला त्या मैदानात जे पडले ते घरटी पडले, असं आपण शाळेत शिकतो. आज आपण अडीचशे वर्षं लांब आहोत, म्हणून म्हणू शकतो. पण त्याच पानिपताची बातमी दक्षिणेत कशी आली? सावकारी पत्रातलं ते वाक्य प्रत्येक मराठी माणसानं ऐकलेलं असतं: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे तुमच्याआमच्या घरातला तो कोणीतरी. माणसं मेली हे लिहवत नव्हतं म्हणून त्या लिहिणाऱ्यानं चिल्लरचा शब्द घेतला. लहान शब्द. हिशेबाच्या वहीतला. तो घाव लागलेल्या माणसाच्या बाजूचा होता, हे ते वाक्य वाचताना दर वेळी कळतं.

एका वापराबद्दल मात्र माझ्या मनात जराही सैलपणा नाही. माणसांना पाणी म्हणायचं. जानेवारी १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर, तेव्हा विरोधी पक्षनेत्या होत्या, टीव्हीवरच्या मुलाखतीत म्हणाल्या की वेगळ्या संस्कृतीच्या माणसांमुळे हा देश 'स्वॉम्प्ड' होईल अशी लोकांना भीती वाटते. स्वॉम्प म्हणजे दलदल, स्वॉम्प्ड म्हणजे पाण्यानं भरून बुडालेला. आणखी एका वर्षानं त्या पंतप्रधान झाल्या. तेव्हापासून ब्रिटिश राजकारणात तो शब्द अधूनमधून डोकं वर काढतो, कोणी माघार घेतं, कोणी घेत नाही. इंग्रजीत निर्वासितांच्या लाटा येतात, फ्लड येतो, आणि पाण्याला काय करायचं असतं? अडवायचं असतं, बांध घालायचा असतो. पाण्याला नाव-गाव, लेकरं नसतात.

आपला शब्द आहे 'लोंढा'. परप्रांतीयांचे लोंढे. मीही कधीतरी बोलले असेन. २०१९ च्या त्या आठवड्यात आईबाबांना माडीच्या गॅलरीतून नावेत घेतलं आणि एका मंगल कार्यालयात नेऊन ठेवलं. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली ती बातमी आली होती, त्यामुळे ते जमिनीला लागेपर्यंत मी फोन हातातून खाली ठेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा बातमीत वाचलं, 'पूरग्रस्तांचा लोंढा'. त्या लोंढ्यात माझी आई होती. तिनं पातळाच्या घडीत दोघांची औषधं, बँकेचं पुस्तक आणि माझ्या लहानपणीचा एक फोटो बांधून घेतला होता, आणि कार्यालयात पोचल्यावर ती तासाभरात पोळ्या लाटायला बसली होती.

पुलापाशी त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ओसरायला बरेच दिवस लागले. मी पोचले तेव्हा घरभर घोट्याच्या वर गाळ होता. कृष्णेचा तो गाळ बारीक असतो, पीठ भिजवल्यासारखा, आणि तो अशा ठिकाणी जातो की पाण्याचीही तिथे जायची हिंमत होणार नाही असं वाटावं. आईच्या शिलाई मशीनचा खण फुगून बसला होता. बाबांनी पटाशीनं तो उचकटला. आत बॉबिनी होत्या, आणि प्रत्येक बॉबिनीत दोऱ्याच्या वेढ्यांमधून गाळ बसला होता. आई एक बॉबिन घेऊन पाण्याच्या भांड्यात बोटानं फिरवत राहिली. गाळ सुटत होता, पाणी गढूळ होत होतं, खालून निळा दोरा दिसायला लागला. तिनं बावीस बॉबिनी अशा धुतल्या. ती त्या दिवशी पाण्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

बाबांनी जिन्याशेजारच्या भिंतीवर, जिथवर ओल चढली होती तिथे, सुताराच्या पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि लिहिलं, "१० ऑगस्ट". एवढंच. वर्ष लिहायला हवं होतं असं त्यांना दोन वर्षांनी वाटलं, कारण २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, आणि तिथे खाली दुसरी रेघ आली. मग पहिल्या रेघेपुढे त्यांनी वेगळ्या पेन्सिलीनं '१९' घातले. मागच्या दिवाळीच्या आधी घर रंगवायला काढलं तेव्हा रंगाऱ्यानं विचारलं, "काका, एवढं पुट्टीत घेऊ का?" बाबा म्हणाले, "तेवढं सोडून मार." आता पिस्ता रंगाच्या भिंतीत वीतभर उंचीचा जुना चुन्याचा चौकोन आहे, त्यात दोन रेघा.

न्यू ऑर्लिन्सच्या त्या गृहस्थांना मी त्याचा फोटो पाठवला होता. त्यांनी उत्तरात आईच्या दारावरच्या फुलीचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

ऑफिसात मी कोणाला काही शिकवायला जात नाही, एक कूल-एड सोडलं तर. माझी मॅनेजर त्या दिवशी दमली होती ते खरं होतं, आणि दमलेल्या माणसाला बोलायला शब्द लागतोच. फक्त माझे रिपोर्ट मी बदललेत. पूर्वी मी पहिल्या ओळीत 'मेजर मेल्टडाउन इन पेमेंट्स' वगैरे लिहायची. मेल्टडाउन म्हणजे अणुभट्टीचा गाभा वितळणं. आता लिहिते: पैसे भरायचं पान ४१ मिनिटं उघडत नव्हतं. मग लिहिते, किती लोकांचं काम अडलं. अटलांटाहून एकदा विचारणा झाली की हा रिपोर्ट जरा सौम्य वाटतो का. मी म्हटलं, आकडा बघा. त्यांनी बघितला, आणि त्यानंतर कोणी विचारलं नाही.

यंदाच्या जुलैत एका शनिवारी पहाटे जाग आली. पुण्यात रात्रभर लागून राहिला होता. सहाला फोन केला.

"पुलापाशी किती?"

"अडतीस. कोयनेतून सोडलंय म्हणतात."

"आई?"

"उठलीय. मशीन वर घे म्हणतेय. शेजारचा पोरगा येतो म्हणालाय आठला."